कळंना त्यो ढीग

उद्यमनगरातली शेवटची लेथ थांबते
सव्वानऊला. त्याआधी काही मोजता येत नाही.
खोलीच्या आत खोली, भिंतींना राखाडी फोम,
दार लावलं की सगळ्यात आधी ऐकू येतं
ते स्वतःचं गिळणं.

एक सूर. जरा वेळ काही नाही. मग दुसरा.
उंच कुठला होता? पहिला, की दुसरा?
बटणं दोनच.
बरोबर येत गेलं की मी फरक अर्धा करते,
चुकलं की एक पायरी मागे.
हजारावर सोळा. आठ. चार.
माणसाचा पाय जिथं अंधारात चाचपडायला लागतो
ती पायरी वहीत लिहायची,
खाली तारीख.

हुपरीच्या रत्नाबाई मगदूम
सव्वातीनवर थांबल्या.
चाळीस वर्षं पैंजणांना घुंगरं जोडतायत.
म्हणाल्या, जोडीतलं एक जरी वेगळं बोललं ना,
तर धडधाकट पोरगी
लंगडत आल्यासारखी वाटते.

गंगावेशीतला एक पैलवान,
कान मोडून सुकल्या जर्दाळूसारखे झालेले.
हेडफोन बसेना, दोन्ही हातांनी धरून बसला.
दोन हर्ट्झ!
घरात कुणी गात नाही म्हणाला, ओशाळून,
जणू कुणाचं तरी उचलून आणलंय.

मग हिंदुराव खाडे, शिरोलीच्या फाउंड्रीतले.
एकतीस वर्षं बिडाला हातोडी मारून ऐकणारे.
चार हजाराच्या वर त्यांना काही उरलेलं नाही;
आलेख तिथं कड्यावरून पडावा तसा पडतो.
पण खाली, सहाशेच्या आसपास,
जिथं पंपाचं ओतीव बोलतं,
तिथं माणूस दीड हर्ट्झवरही डगमगेना.
मी अर्धा केला. परत अर्धा.
मग बटण दाबलंच गेलं नाही.

माईकवर म्हटलं, काका, दाबा काहीतरी.
"दोन्ही येकच वाटतंय."
अंदाजानं दाबा. अंदाज चालतो.
"आन् चुकलं तर?"
चुकलं तर चुकलं, त्याचाही हिशेब असतो.

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला,
झोपलेलं पोर ठेवावं तसा.
"बाई, आमच्यात ढीग तीन असत्यात.
चांगला. चिरलेला. आन् कळंना त्यो.
कळंना त्यो रातभर तसाच ठेवायचा,
पुरता गार झाला की सकाळी परत वाजवायचा.
दोनच ढीग केलं तर
चिरका पंप कुणाच्या तरी हिरीवर जातोय."

मी त्यांना पद्धत समजावली.
माणसाला वाटतं त्याहून त्याचा कान जास्त जाणतो,
दोनच दारं ठेवली
की न कळलेलंही बरोबर दारानं बाहेर येतं.
हे खरं आहे. शेकड्यांनी पाहिलंय.
"आसंल," म्हणाले.
आणि चपला घातल्या.

ते गेल्यावर मी आत जाऊन बसले.
पाचशेचा सूर, आधी डाव्या कानात, मग उजव्यात.
यंत्र म्हणत होतं, तोच.
मला डावा किंचित चढा.
पुन्हा लावला. चढाच.
लहानपणीच्या तापापासून असेल, किंवा जन्मापासून,
कधी कुणी विचारलंच नव्हतं.
बत्तीस वर्षं दोघीजणी ऐकत होत्या
आणि मी एकीच्याच नावानं सही करत होते.
कुठल्या कानावर भरवसा ठेवून
मी लोकांच्या पायऱ्या लिहिल्या?
(कुठल्याच नाही. पायऱ्या यंत्र लिहितं.
तरी विचारलं.)

हिंदुरावांचा रकाना संगणक रिकामा घेईना.
कागदावर पेन्सिलीनं लिहिलं: कळंना.
दिवा घालवला.

सकाळी साडेसहा. शटर अर्धंच वर,
लेथी अजून झोपलेल्या,
सायकलच्या हँडलला डबा लोंबतोय.
"पाळीला येळ हाय अजून,"
टोपी काढत हिंदुराव आत आले,
"गार झालंय आता.
वाजवा."