दोन रुपयांचा आक्षेप

खोली क्रमांक दोन, चौथीचा वर्ग.
आयोगाची सूचना पाढ्यांवरच चिकटवलेली,
त्यामुळे सतराचा पाढा अकरापुढे दिसत नाही.
मी केंद्राध्यक्ष. गाव पारोळा, नोकरी मास्तरची,
आजच्या दिवसापुरती सही वजनदार.

अकराच्या सुमाराला ती आली,
गेंदीबाई दुरसिंग बारेला, अनुक्रमांक चारशे बारा,
चोपड्याच्या वरच्या अंगाच्या बागांतून थेट,
कमरेला कोयत्याची रिकामी म्यान
(कोयता दारावरच्या पोलिसाकडे).
कार्डावरचा फोटो म्हणजे गढूळ पाण्यातली सावली.
यादीत गेंदीची गोदी झालेली;
टंकणाऱ्याला गेंदी हीच चूक वाटली असणार.
डावी तर्जनी दाखवा, म्हणाला दुसरा अधिकारी.
तिनं दाखवली.
नखाच्या कडेला, कातडीच्या भेगांत
काळं.

"साहेब, हाई कोठे तरी मत देईसनच उनी शे!"
पितांबर बाविस्कर उठला, एजंटाचा बिल्ला सरळ केला,
आणि टेबलावर दोनचं नाणं ठेवलं.
नियमच आहे तसा.
शंका घ्यायची किंमत दोन रुपये.
नाणं जरा गरगरलं, मग आडवं झालं.

मी नमुना चौदा काढला.
नवऱ्याचं नाव? वय? घर कोणत्या पाड्यावर?
ती सांगत होती, माझ्याकडे न बघता,
जशी माझ्या वर्गातली पोरं सांगतात
पेन्सिल दुसऱ्यानंच चोरलेली असताना.
मग तिचं बोट ओल्या फडक्यानं घासलं.
शाई जात नाही.
केळीचा चीकही जात नाही.
हे पुस्तिकेत कुठं लिहिलेलं नाही,
माझ्या मामाच्या सगळ्या सदऱ्यांवर लिहिलेलं आहे.

दाराशी जाऊन रांगेला म्हणालो, हात वर करा.
झाले वर. तपकिरी, काळे, घट्टे पडलेले,
एक बोट कोरं असेल तर शपथ.
मागून कुणी तरी ओरडलं,
"मास्तर, मंग आम्हनं सगळासनं मतदान व्हई गयं का?"
रांग हसली, पोलीस हसला.
बाविस्कर हसला नाही.
मागच्या खेपेला याच खोलीत
त्याच्या मेलेल्या बापानं मत दिलं होतं,
तेराव्यानंतर आठ दिवसांनी.
म्हणून तो एजंट झाला, हे मला पाणी पिताना सांगितलं.

मी लिहिलं: ओळख पटली. रक्कम सरकारजमा.
शाईची रेघ चिकावर ओढली, काळ्यावर काळी,
आणि यंत्र लांब वाजलं.
जाताना ती बोट फुंकत होती,
पोळल्यासारखं.

साडेपाचला राजमल कोळी आला, धावतच,
उधन्याच्या कारखान्यात एक खाडा टाकून.
तर्जनी स्वच्छ. कार्ड खरं.
आणि त्याच्या नावापुढे सही आधीच झालेली.

सव्वानऊचा माणूस आठवला.
इस्त्रीचा शर्ट, चकचकीत कार्ड, 'नमस्कार सर'.
कार्ड मी नीट पाहिलं होतं.
चेहरा पाहिला का, सांगता येत नाही.
बाविस्कर तेव्हा चहाच्या बशीत फुंकर घालत होता.

राजमलला कागदी मतपत्रिका दिली.
प्रदत्त मत म्हणतात त्याला.
त्यानं शिक्का मारला, चार घड्या घातल्या,
पाकिटात टाकताना विचारलं,
"आते हाई मोजतीन ना?"
मी लाख वितळवत होतो.
लाख बोटावर सांडली, तेवढ्यात
विषय राहून गेला.

रात्री साडेअकरा, तहसील, मंडपात डासांचे थवे.
जमा करून घेणारा कारकून म्हणाला,
रोख काही?
दोन रुपये.
त्यानं पावती फाडली, पाकीट न बघताच ढिगावर टाकलं,
आणि नाणं तेवढं
ट्यूबलाइटला धरून पाहिलं,
खरं आहे का.