उणे सात भागिले दोन

बाहेर उणे एकतीस. केमियार्वीच्या हीटिंग प्लांटमध्ये
रात्रपाळीचा तिसरा थर्मास.
औलिसला जाऊन सहा वर्षं झाली.
प्रोग्राम त्याचा, आणि त्याची मूळ प्रत
हिल्कानं माळ्यावर शोधली, होडीच्या शेडमध्ये शोधली,
नाही मिळाली. उरली ही चिप,
आणि चिपमधून उपसलेले हेक्स आकडे
मी माझ्याच डिसअसेंबलरला वाचायला दिलेले.

९९ एफ७ एफ९.

तो म्हणतो: साधा भागाकार, बिनचिन्हाचा.
मी मान डोलावते. चार ओळी पुढे जाऊन थांबते.
कारण आधी ते ९९ आहे,
आणि ९९ करतं एवढंच: संख्या उणे असली
तर तिचं उणेपण शेजारच्या रजिस्टरभर पसरवतं,
बत्तीसच्या बत्तीस घरांत एक, एक, एक.
एवढी मशागत करून मग
चिन्हाकडे न बघणारा भागाकार?
औलिस असा वेंधळा नव्हता.
कॉफीचे पैसेसुद्धा डब्यात मोजून टाकायचा.

कागद घेतला. एफ९ हातानं फोडला:
एक एक, एक एक एक, शून्य शून्य एक.
मधले तीन म्हणजे सात.
सात चिन्हाचा, सहा बिनचिन्हाचा.
माझ्या तक्त्यात सहाव्या आणि सातव्या ओळीत
एकच नाव. मीच चिकटवलेलं, जूनमध्ये,
इथे रात्र होत नाही तेव्हा,
तेव्हा कुणाला उणं काही आठवतं?

उन्हाळ्यात दोघांचं उत्तर सारखंच.
बाराला दोननं कुणीही भागावं.
पण उणे सात समोर आले
की बिनचिन्हाच्याला ते इतके अवाढव्य दिसतात
की उत्तर कुठे मावतच नाही, मशीन जागीच बसतं.
आणि हेच वाचन मी
नव्या कंट्रोलरसाठी उतरवून देणार होते, शुक्रवारी.

चिन्हाचा मात्र शांतपणे सांगतो:
उणे तीन, बाकी उणे एक.
शाळेत आमची बाकी कधी उणे नसायची.
इथे बाकी भाज्याचंच चिन्ह लावून फिरते,
विधवेनं नवऱ्याचं आडनाव ठेवावं तसं.

एक अक्षर वाढवलं. पुन्हा चालवलं.
एकेचाळीस ठिकाणी नाव बदललं.
खाली पंप चालूच होता, एका लयीत,
त्याला माझ्या वाचण्याशी काय घेणं.

भागले होते. एवढ्यावर भागलंही.
उठून डब्यात पैसे टाकले, तीन थर्मासचे,
मोजून.