नाव नको, कंबर सांगा

नाव राहू दे, कंबर सांगा.
सत्तर? परत याल तेव्हा सहासष्ट झालेली असेल,
म्हणून दोन भोकं जास्तीची पाडते.
बसा. चहा येतोय. साखर दातांत धरून प्यायची,
सुलेमानीच्या बाजारात पेला ढवळला
की पोरंसुद्धा ओळखतात, परका आहे.
हेही सामानात धरा.

आता ती डबी ओता इथे, कात्रीशेजारी.
अगं बाई! गोळ्यांच्या डबीत केवढा हा संसार:
हातकडीची किल्ली, माझ्या नखापेक्षा बारीक,
चिनीमातीचं पातं, चार गोळ्या पाण्यासाठी,
घडी घालून घालून बिडीएवढ्या झालेल्या नोटा,
आणि बटणातलं होकायंत्र.
ते बक्कलजवळ नको.
लोखंडाच्या नादाने ते तुमच्या बेंबीलाच उत्तर म्हणेल.

किल्ली मागे शिवते, मणक्याच्या डाव्या अंगाला.
हात मागेच बांधतात.
पुढे बांधणारा भला माणूस
माझ्या एकाही गिऱ्हाइकाला अजून भेटलेला नाही.
आणि टाका घालते कच्चा.
तीस वर्षं शिवतेय, शिवण टिकावी म्हणून;
हे एकच काम असं, जे उसवावं म्हणून शिवायचं.
पक्का टाका हा शिंप्याचा तोरा,
तुमच्या बोटांत तेव्हा तेवढं बळ नसेल.

हा कागद कसला? फोन नंबर?
पाठ करा. कागद आधी सापडतो.

मी? मी नऊ वर्षांची होते, एक्क्याण्णव साली.
शहर एका रात्रीत ओस पडलं,
पेंजवेनच्या वाटेवर गारठा आणि माणसं, माणसं आणि चिखल.
आईने शिवणयंत्र मागे ठेवलं.
घराची किल्ली घेतली. बघा, किल्ली आमच्याकडेही होती,
परतलो तेव्हा दारच नव्हतं.
ओढणीत एक सुई खोचलेली,
आणि चिंधीत बांधलेले मूठभर साखरेचे खडे.
बस्स. आमची डबी एवढीच.

दुसऱ्या रात्री खालच्या रस्त्यावर
शिपायांची गाडी थांबली. दिवे विझवून.
आम्ही ओढ्याच्या खळग्यात तीसेक जण,
आणि रेबीन, माझा भाऊ, सात महिन्यांचा,
ओठ काढू लागला.
शेजारचा म्हातारा आईकडे बघत राहिला.
बाळाकडे नाही, आईकडे.
त्या बघण्याचा अर्थ
मला माझी पोरं झाल्यावर कळला,
आणि मग बरेच दिवस झोप आली नाही.

आईने चिंधीचं टोक तोंडात ओलं केलं,
त्यात एक खडा बांधून त्याच्या ओठांत दिला.
चोखण्याचा आवाज येत होता,
मला वाटलं, डोंगरभर ऐकू जातोय.
मग इंजिन सुरू झालं. मग ते लांब गेलं.
तरी कुणी हललं नाही.

रेबीन आता स्वीडनमध्ये बस चालवतो.
साखरेचा आजार जडलाय त्याला,
फोनवर आईला म्हणतो, सगळं तुझ्यामुळे!
ती हसते, आणि फोन ठेवून पदर डोळ्यांना लावते.

घ्या, झालं. घालून बघा. वाकून बघा.
मागे हात न्या. अंगठ्याने चाचपा.
नाही, डोळे मिटून. तिथे दिवा कोण लावणार?
उसवा. घाबरू नका, पुन्हा शिवून देते.
परत. अजून वेळ लागतोय.
परत.

माझं नाव गेलावेझ. पहाटेचा एक तारा असतो,
उन्हाळा सरत आला की दिसतो.
बटण बिघडलंच तर त्याला विचारा,
पण महिना बघून.

वीस हजार दिनार. नोटा सुट्या द्या.
आणि हा खडा. नाही, पैसे नकोत, नेफ्यात टाकते.
माहीत आहे, तुमच्याबरोबर बाळ नाही.
पण खळग्यात शेजारी कोण बसलेलं असेल
हे कंबर मोजून थोडंच कळतं?