सालींची बादली

बाणावलीच्या हॉटेलात माझं काम सोलण्याचं.
पाहुण्यांना साल चालत नाही.
आगशीच्या वांग्यांची, तवशांची,
कांद्याची तर पोतंभर.
संध्याकाळी कुस्तोद बादली नेतो
त्याच्या डुकरांना,
सायकलला अडकवून, खड्ड्याखड्ड्याला सांडत.

मंगळवारी विद्यापीठातली पोरगी आली,
कुडणेकरांची मिताली.
पिशव्या, चिमटा, वजनकाटा.
म्हणाली, मावशी,
उन्हाशी, किडीशी भांडायला
झाड जे औषध बनवतं
ते बरंचसं सालीतच ठेवतं,
वेशीवर राखणदार असतो तसं.

मी बोटं पाहिली.
वीस वर्षांची जांभळी,
नखांच्या कडेला काळी, साबणाला न जुमानणारी.
पांढरं तेवढं मी ताटात पाठवत आले.

कुस्तोद दारात, रिकामी बादली घेऊन.
‘आणि माझ्या डुकरांनी काय खायचं?’
अर्धी त्याला, अर्धी तिला.
सायकल वळवताना म्हणाला,
‘तरीच. त्यांना कधी शिंकसुद्धा नाही.’

रात्री घरी
दोडक्याच्या शिरा टाकल्या नाहीत.
तीळ, खोल्याची मिरची, तव्यावर चुरचुर.
नवऱ्याने विचारलं, भाजी कुठाय?
म्हटलं,
ती उद्या. आज एवढंच.