सोळाशे रुपयांचं लाल बटण

तीन शनिवार बाबा सीताबर्डीला गेले,
कारखान्यातून सुटले की तसेच, सायकलवर,
मे महिना, डोक्याला ओला दुपट्टा,
खिशात कांदा.

दुकान आसनदास टेकचंदानींचं.
मागच्या भिंतीशी सहा यंत्रं,
सगळ्यांच्या कपाळावर बारा वाजलेले, हिरवे, मिचकत.
बाबांनी एकेक दोन्ही हातांनी उचललं,
बाजारात कोहळं उचलावं तसं.
कॅसेटच्या झडपेत बोट घालून स्प्रिंग ऐकली.
मग झाकण काढायला सांगितलं.
"झाकण नाही काढत जी कोणी."
"मी काढून राहिलो ना."

अंबाझरीला बाबा इन्स्पेक्शनमध्ये होते.
चोवीस वर्षं एकच काम: कवचाच्या भोकात
गेजचं एक टोक जायला हवं,
दुसरं जायला नको.
गो. नो-गो.
भाजीवालीच्या पालकापासून आत्याच्या स्थळापर्यंत
सगळं ते याच दोन टोकांनी मोजत,
आणि पुष्कळदा चुकत.

नुसता प्लेअर सात हजार आठशे.
रेकॉर्डर नऊ हजार चारशे.
हेड दोन्हींना दोनच, मोटर तीच,
गॅरंटी तेवढीच, एका वर्षाची, कागदावर.
जास्तीचं काय, तर एक लाल बटण.
टेकचंदानी धंद्याला न शोभेल इतकं खरं बोलले:
"काका, प्लेअर घेऊन टाका.
भाड्यानं कॅसेट आणाल, पाहाल, परत कराल.
रेकॉर्ड काय करता, बातम्या?"

आई म्हणाली, कूलरच्या ताट्या सडल्या आहेत.
उरलेल्या पैशांत ताट्या येतात, वर स्टॅबिलायझर.
स्टॅबिलायझर नसला की चांगलं काय आणि हलकं काय,
दोन्ही सारखंच जळतं.

मुद्दा बिनतोड होता. बाबांनी मान हलवली
आणि चौथ्या शनिवारी रेकॉर्डर आणला,
सायकलरिक्षात, मांडीवर,
सायकल मागं दोरीनं बांधून.
"जे नुसतं दाखवते अन् ठेवत नाही," म्हणाले,
"ते अर्धं यंत्र."

त्या उन्हाळ्यात आम्ही जुन्या ताट्यांचा कुबट वारा खाल्ला.
शेजारी मेश्रामांनी कूलर लावला
की आमच्याकडे नायक कमरेत बारीक व्हायचा.
पट्टी अडकायची; बाबा पेन्सिलीनं गुंडाळायचे,
कापसाला स्पिरिट लावून हेड पुसायचे
आणि जाता जाता लाल बटणही,
ज्याला दोन वर्षांत कुणाचं बोट लागलं नव्हतं.

मग एका बुधवारी नागपूर केंद्रावर
महिलांच्या कार्यक्रमात आई आली. गोळाभात.
चित्रण महिन्यापूर्वीच झालेलं, म्हणून ती आमच्यातच बसून
पडद्यावरच्या आईकडे पाहत होती,
इकडचा पदर सारखा करत.
बाबांनी प्ले आणि लाल बटण एकदम दाबलं.
"डाळ," ती म्हणाली, "जाडसरच वाटायची,
पाणी कमी, नाहीतर गोळा..."
आणि लाइन गेली.

कंदिलाच्या उजेडात बाबांनी हिशेब केला.
चाळीस सेकंद. सोळाशे भागिले चाळीस.
सेकंदाला चाळीस रुपये.
स्वस्त की महाग, ते बोलले नाहीत.
आई म्हणाली, "ताट्या आल्या असत्या."

परवा ती कॅसेट घेऊन मी धरमपेठेत गेलो,
जुन्या पट्ट्या पेनड्राइव्हवर उतरवून देणाऱ्या पोराकडे.
त्यानं लावून पाहिली, पुढं पळवली, आणखी पळवली.
"काका, चाळीस सेकंदच आहे, बाकी सारी कोरी.
पैसे अख्ख्या कॅसेटचे पडतील.
परवडणार नाही तुम्हाले."
मी पाकीट काढलं.
"मग कोरं कापू," म्हणाला, "की मुंग्यांसकट देऊ?"

मुंग्यांसकट दे, म्हटलं.