बेचाळिसावा लिफाफा

रात्री तीनला म्बाराराच्या इस्पितळात
जनरेटर धापा टाकत होता,
तुमुहैर्वे त्याहून जास्त.
बोडा ट्रकखाली गेलेली.

किओमुगिशानं लिफाफा फाडला.
आत बाटलीचा नंबर फक्त.
बाटलीत जुनं औषध की नवं,
ते सिरिंजलाही ठाऊक नाही.
संमतीचा रकाना कोरा;
बेशुद्ध माणूस
अंगठा तरी कसा उठवणार?

नळी गेली. छाती हलली.
उजाडलं.

बायको आली मटोकेचा डबा घेऊन.
सगळं ऐकून घेतलं.
"म्हणजे तुम्हालाही माहीत नव्हतं?"
"नव्हतं."
"मग खरं बोलताय," म्हणाली,
सही केली,
आणि तक्त्यावरचा बेचाळीस खोडून
शेजारी नवऱ्याचं नाव लिहिलं, ठळक.

नियमानं ते झाकायला हवं.
किओमुगिशा व्हाइटनर शोधतेय,
सावकाश.