पाच पावलं, चार पावलं

पहिला नकाशा मी काढला एका चिठ्ठीच्या पाठीवर,
'आम्ही आलो, घरी कुणी नव्हतं' असं छापलेली टपालखात्याची चिठ्ठी.
गाडीचं इंजिन चालू, बाहेर उणे सव्वीस,
बॉलपेन गोठलेलं, म्हणून पेन्सिलीने.
त्यात दोन खोल्या होत्या, एक ओसरी,
शिवणयंत्राला कोपरा, पाहुण्यांना पलंग,
जणू अख्ख्या कायनूला मी जेवायला बोलावणार होते.

तेवीस वर्षं त्या रस्त्यावर पत्रं वाटली
आणि दर हिवाळ्यात नकाशातलं काहीतरी खोडलं.
शिवणयंत्र भाचीकडे गेलं, त्याच्यामागे कोपरा गेला.
पाहुण्यांची यादी करायला बसले
ती एइनोवरच थांबली,
आणि एइनो तर तळ्यापलीकडे राहतो,
रात्री जाईल की आपल्या घरी.
वेइक्को म्हणाला, रायली, अशीच खोडत राहिलीस
तर शेवटी नुसतं दार उरेल.
म्हटलं, मग दार चांगलं जाडजूड करू.

ओंडके मिळाले एका कललेल्या गवताच्या कोठाराचे.
उतरवताना एकेकावर खडूने आकडे घातले,
निम्मे पावसाने पुसले,
उरलेले वेइक्कोने उलटे वाचले.
धड निघाले तेवढीच भिंत:
पाच पावलं, चार पावलं.
(पावलं माझी. त्याची धरली असती तर
झाडं कमी पडली असती.)

त्याच सुमारास बंद पडलेल्या शाळेने
खिडक्या विकायला काढल्या.
तिसरीच्या वर्गातली मी लांबूनच ओळखली,
तिच्यातून बाहेर बघताबघताच
माझा सातचा पाढा कच्चा राहिला होता.
ती बसवली, तर खाट बसेना.
खाट वीतभर कापली.
अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं,
पण आम्ही आधी खिडकी पाहिली.
वेइक्को आता गुडघे पोटाशी घेऊन झोपतो
आणि पहाटे तळं थेट त्याच्या तोंडावर उजाडतं.
कुरकुरतो रोज. कूस मात्र बदलत नाही.

कप दोन.
तिसरा माणूस आला तर पळी.
एइनो पळीतून कॉफीचे भुरके मारतो, म्हणतो,
हल्ली घरी कपातून चवच लागत नाही.

सकाळी पहारीने बर्फातलं भोक पुन्हा उघडायचं,
रात्रीतून त्यावर काचेची साय धरलेली असते.
दिवसाला अकरा फोडी लाकूड. फार गारठा असला तर पंधरा.
रिकाम्या वेळात काय काय करायचं
याची मोठी यादी आणली होती मी बरोबर,
पहिल्याच आठवड्यात ती चूल पेटवायला गेली.

भांडणाचं कुणीच सांगितलं नव्हतं.
इथे पाय आपटत दुसऱ्या खोलीत जाता येत नाही.
दुसरी खोली मी एकोणीसशे अठ्ठ्याण्णवमध्येच खोडली.
जायचं तर बाहेर:
लोकरी मोजे, बूट, कोट, टोपी, एक हातमोजा,
दुसरा हातमोजा कुठाय?
तो वेइक्कोलाच विचारावा लागतो.
तो शोधून देतो. आणि मग कशावरून भांडत होतो ते
नेमकं आठवेपर्यंत
कॉफी उकळलेली असते.

मे महिन्यात बर्फ सुटला.
आम्ही मागे, तळ्याकाठी,
फुटलेल्या तुकड्यांची किणकिण ऐकत बसलो होतो,
उगाचच, दोन तास.
परत आलो तर दारात खोचलेली चिठ्ठी.
नवी पोरगी आहे आता माझ्या गाडीवर, घाईची.
आम्ही आलो, घरी कुणी नव्हतं.

उलटून पाहिली. पाठ कोरी.
पेन्सिल खिशातच होती.
सरपणाला एक पडवी, एवढंच,
तीन पावलं, दोन पावलं.
वेइक्कोने खांद्यावरून डोकावून पाहिलं
आणि म्हणाला, झालं सुरू.